तिसऱ्या चाकाचं हेल्मेट

बायको सिग्नलवर राहिली आणि मला ते घरी पोचल्यावर कळलं, यात माझा दोष किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी फक्त घडलं ते सांगतो. सिग्नल लाल होता. मांडीवरची पिशवी घसरली म्हणून ती स्कूटरवरून जरा खाली उतरली. सिग्नल हिरवा झाला. मी निघालो.

मी तेव्हा तिला आमच्या कचेरीतल्या महापुराचा किस्सा सांगत होतो. त्यात मी तीन दिवस कपाटावर बसून सरकारी शिक्के वाचवले होते. (खरं तर नळ फुटला होता आणि पाणी पाऊण तास होतं, पण इतक्या वर्षांत मुलं वाढतात, तसा किस्साही थोडा वाढणारच.) एरवी असा किस्सा रंगात आला, की आमची ही मागून माझ्या पाठीत बोट खुपसते. म्हणजे थाप इथून सुरू झाली, याची नोंद. त्या दिवशी चार किलोमीटर बोट नाही. मला भरून आलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर एकदाचा बायकोचा माझ्यावर विश्वास बसला, या आनंदात मी पूर आणखी दोन फूट चढवला. घराशी येऊन “उतर” म्हणालो, तर मागे कोणी नाही.

चाळीस मिनिटांनी ती रिक्षातून आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “तुमच्या मागे मी पुन्हा बसणार नाही.”

आमची ही शब्दाची पक्की. दोन वर्षं बसली नाही. दर रविवारी टेकडीवर राहणाऱ्या तिच्या ताईंकडे आम्ही दोघं स्कूटरवरून जायचो, ती आता एकटी रिक्षाने जायला लागली आणि मी घरी भिंतीला किस्से सांगू लागलो. भिंत ऐकून घेते, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिंत पाठीत बोट खुपसत नाही, आणि त्यावाचून थापेला चवच येत नाही, हे मला उतारवयात कळलं.

मग मी विचार केला. (मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. एकोणतीस वर्षं दुकानदारांची वजनं तपासली, शिक्के मारले. विचार करायची सवय तिथेच लागली, कारण दुसरं काम फार नसायचं.) ती म्हणाली होती, ‘तुमच्या मागे बसणार नाही.’ शेजारी बसणार नाही, असं कुठे म्हणाली होती?

स्कूटरला शेजारी डबा जोडायचा ठरवला. डबा म्हणजे बसायची खुर्ची, पुढे पत्रा आणि खाली एक चाक. बायको सतत डोळ्यांसमोर. हरवायचा प्रश्नच नाही.

काम कोपऱ्यावरच्या वेल्डरला दिलं. हा माणूस फार कमी बोलतो आणि जे बोलतो ते “होईल” एवढंच. खुर्ची त्याने बंद पडलेल्या सलूनमधून आणली. ती गोल फिरायची आणि मागे झुकायची. चाक सिमेंट कालवायच्या यंत्राचं निघालं. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे ‘अनुभवी’ म्हणतात, कारण जगातल्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना अनुभव आहे आणि तो वाईट आहे. ते रोज सकाळी दात घासत वेल्डरपाशी येऊन उभे राहायचे.

“डावीकडे ओढणार ही गाडी,” ते ब्रश न काढता म्हणाले. “माझ्या मावसभावाची ओढायची.”

“त्यांच्याकडे असा डबा होता?”

“नाही. बैल होता.”

पण गाडी डावीकडे ओढू लागली, हे खरं. पहिले आठ दिवस ती उजवीकडे वळतच नव्हती. उजवीकडे जायचं असलं, की मी डावीकडे तीनदा वळायचो. एकदा समोरच्या वाण्याकडे जायला निघालो, तर वाटेत मला तीन पेठा, एक तलाव आणि माझे शाळेतले मास्तर भेटले. अखेर वेल्डरने डब्यात वाळूची पोती ठेवून दांडा सरळ केला आणि गाडी माणसात आली.

हिने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. खुर्ची एकदा गोल फिरवली. बसली. मागे झुकली.

“बरी आहे,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांनी ताईला पंचाहत्तर पूर्ण होतात. तेव्हा हिच्यातून जाऊ. मी माझं हेल्मेट घालीन. तुम्हीही घालायचं.”

“तीनचाकीला हेल्मेट लागत नाही,” मी म्हणालो.

“कोण म्हणतं?”

“कायदा.”

“लिहून आणा.”

आता हेल्मेट घालायला माझं काय जात होतं, असं तुम्हाला वाटेल. माझं डोकं मोठं आहे. बुद्धीने नव्हे, मापाने. लग्नाचा फेटा बांधणाऱ्याने दोन फेटे एकमेकांना जोडले होते. तरी वाद नको म्हणून मी गुपचूप हेल्मेटच्या दुकानात गेलो. दुकानाच्या पाटीवर जाहिरातीसाठी एक अवाढव्य लाल हेल्मेट टांगलेलं होतं. त्यात चिमण्यांनी घर केलं होतं. मी त्याकडे बोट दाखवलं.

“काका, ते दाखवायचं आहे, घालायचं नाही,” दुकानदार हसला. त्याने सगळ्यात मोठं माप काढलं आणि माझ्या डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबलं. ते गेलं. मी समाधानाने मान डोलावली. मग ते काढायला गेलो.

पहिल्यांदा दुकानदाराने ओढलं, मग मी ओढलं, मग एका गिऱ्हाइकाने माझे पाय धरले आणि दुसऱ्याने डोकं. शेवटी मी तसाच हेल्मेटसकट रिक्षात बसून घरी आलो. रिक्षा चालवत होता आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडचा म्होरक्या. त्याला सगळे अध्यक्ष म्हणतात. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने विचारलं, “काका, माझ्या चालवण्याची एवढी भीती वाटते?”

घरी अर्धी वाटी तेल ओतून हिने आणि अनुभवींनी मिळून मला सोडवलं. अनुभवी म्हणाले, “माझ्या काकांचं असंच घागरीत अडकलं होतं.” पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. दोन्ही कान आठवडाभर रंगाने बीटासारखे होते. त्याच क्षणी मी ठरवलं, की आता हेल्मेट नाही. आता कागद.

इथे माझी चूक झाली, आणि ती फक्त आमच्या खात्यात मुरलेला माणूसच करू शकतो. शहाणा माणूस गाडी चालवतो आणि कोणी अडवलं तर बघतो. पण ज्या किलोच्या वजनावर शिक्का नाही ते किलोचं नाही, हे मी एकोणतीस वर्षं लोकांना शिकवलेलं. मी तीन प्रतींत अर्ज केला: ‘डबा जोडलेल्या तीनचाकी वाहनाच्या चालकास हेल्मेट आवश्यक आहे किंवा कसे, याबाबत लेखी खुलासा व्हावा.’

वाहन कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे कळवळून पाहिलं.

“काका, तुम्हाला कोणी अडवलं का?”

“नाही.”

“मग चालवा की. कशाला विचारता?”

“लेखी हवं.”

“काका, ऐका माझं. दोन चाकांना हेल्मेट, हे आम्हाला माहीत आहे. तीन चाकांचं आजवर कोणी विचारलेलं नाही. न विचारलेलं बरं असतं.”

बाईंचं ऐकलं असतं, तर हा किस्सा इथेच संपला असता. पण मी पोच मागितली. अर्ज पहिल्या मजल्यावर गेला. तिसऱ्या दिवशी मी स्मरणपत्र दिलं. पाचव्या दिवशी दुसरं. सातव्या दिवशी मी दोन मजले चढून साहेबांच्या शिपायाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “तुमचा कागद आत आहे. साहेब डोकं धरून बसलेत.” मला अभिमान वाटला.

नवव्या दिवशी परिपत्रक निघालं. ‘सदरहू अर्जाच्या अनुषंगाने, पुढील आदेश होईपर्यंत सर्व तीनचाकी वाहनांचे चालक व प्रवासी यांनी हेल्मेट वापरणे बंधनकारक आहे. वाहनधारकाने प्रवाशांसाठी हेल्मेट वाहनात ठेवावे.’ खाली संदर्भ म्हणून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि माझा पत्ता. तो पत्ता नसता, तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवसापासून शहराची शोभा पाहण्यासारखी झाली. अध्यक्ष उंच माणूस. हेल्मेट घातल्यावर ते टपाला लागायचं, म्हणून तो मान वाकडी करून चालवायचा आणि समोरून येणाऱ्यांना वाटायचं, हा आपल्याला काहीतरी गुपित सांगतोय. शाळेच्या रिक्षात सात मुलं बसायची, हेल्मेटसकट पाचच मावू लागली. घरी राहिलेल्या दोघांना माझा पत्ता ठाऊक असता, तर त्यांनी मला हार घातला असता. नटूनथटून निघालेल्या एक बाई रिक्षातलं हेल्मेट घालून उतरल्या, तेव्हा त्यांच्या केसांना आदल्या प्रवाशाच्या तेलाचा वास येत होता. एका रिक्षावाल्याचा प्रवासी अर्ध्या वाटेत उतरून गेला, आणि हेल्मेटमुळे काही ऐकू न आल्याने तो बिचारा स्टेशनापर्यंत रिकामी रिक्षा घेऊन गेला. हा प्रसंग ऐकून मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी अठरा रिक्षावाले आमच्या जिन्यात उभे राहिले. सगळ्यांच्या हातात हेल्मेट. अध्यक्ष पुढे.

“काका, आमचं काय चुकलं?” तो म्हणाला. “त्या दिवशी हेल्मेट घालून बसलात, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.”

“अहो, मी ‘नाही’ असं उत्तर मिळावं म्हणून विचारलं होतं.”

“सरकारला विचारलंत? आणि नाही म्हणतील असं वाटलं?” मागून एक जण म्हणाला. “काका, तुम्ही सरकारातच होतात ना?”

अध्यक्षाने निर्णय सांगितला. परिपत्रक मागे जात नाही तोवर शहरातली एकही रिक्षा आमच्या घरातल्या माणसाला बसवणार नाही. मग तो आमच्या हिच्याकडे वळला आणि हात जोडले. “काकू, तुमच्याबद्दल वाईट वाटतं.”

“मला तर अडतीस वर्षं वाटतंय,” ती म्हणाली.

जिना रिकामा झाल्यावर ती आत गेली आणि ताईंसाठी आणलेली शाल कपाटातून काढून पुन्हा घडी करू लागली. टेकडीवर बस जात नाही. रिक्षा नेणार नाही. मी हेल्मेट घातल्यावाचून ती डब्यात बसणार नाही, आणि माझ्या मापाचं हेल्मेट नाही. ताईंचा दिवस आता सहा दिवसांवर आला होता. ती भांडली असती, तर मी दोन किस्से सांगून वेळ मारून नेली असती. पण ती नुसती घडी घालत होती, एकच शाल, चौथ्यांदा.

“लिहून आणलंत ना?” ती शालीकडे बघत म्हणाली.

“आणलं,” मी म्हणालो. “उलटं आलं.”

मी गच्चीत जाऊन परिपत्रक पुन्हा वाचलं. दहाव्यांदा वाचताना ‘वाहनात ठेवावे’ या दोन शब्दांपाशी माझं बोट थांबलं. वाहनात ठेवायचं! म्हणजे ते वाहनाचं सामान झालं. आणि सामान झालं म्हणजे त्याला वजन आलं. आणि वजन आलं म्हणजे, मंडळी, ते माझ्या अंगणात आलं.

मी तडक स्टँडवर गेलो. अठरा जणांनी पाठ फिरवली. मी अठरा पाठींना उद्देशून बोललो.

“प्रत्येक रिक्षाच्या दाखल्यावर तिचं वजन लिहिलेलं असतं. एका हेल्मेटचं वजन दीड किलो. चार हेल्मेटांचे सहा किलो. वाहनाच्या वजनात कायमचा फरक पडला, की फेरवजन करून नवा दाखला घेतल्यावाचून वाहन रस्त्यावर आणता येत नाही. नियम आहे. वजन कुठे होतं? वाहन कचेरीच्या आवारातल्या मोठ्या काट्यावर.”

अध्यक्षाची पाठ हळूहळू वळली आणि तिच्या जागी चेहरा आला. “मग?”

“मग काय? कायदा पाळा. सगळ्यांनी. उद्या सकाळी.”

मंगळवारी सकाळी साडेनऊला वाहन कचेरीच्या फाटकापासून रांग सुरू झाली. ती किती लांब होती, यावर मतभेद आहेत. अध्यक्ष म्हणतो दोन हजार रिक्षा होत्या. मी म्हणतो शेवटची रिक्षा शेजारच्या गावात उभी होती आणि तिच्या चालकाला तिथल्या पोलिसांनी विचारलं, की तू आमच्या हद्दीत कसा? प्रत्येक रिक्षात चार हेल्मेटं आणि प्रत्येक चालकाच्या हातात माझ्या अक्षरातल्या अर्जाची प्रत: ‘फेरवजन करून मिळावे.’ खिडकीवरच्या बाईंनी पहिल्या तीस अर्जांना पोच दिली. मग त्यांनी शांतपणे खिडकी लावून घेतली आणि डबा उघडून जेवायला बसल्या. दहा वाजले होते.

अकराला साहेबांची गाडी आली. आत येऊ शकली नाही. साहेब रिक्षांच्या मधून आडवे-तिडवे चालत आले.

“हे काय आहे?”

“वजन करायचंय, साहेब,” अध्यक्ष मान वाकडी करून म्हणाला. त्याने हेल्मेट घातलेलं होतं, नियम होता. “सहा किलो वाढलंय.”

“मग करा ना वजन! काटा आहे ना आपला?” साहेब शिपायाकडे वळले.

शिपाई काट्याकडे बघू लागला. काट्यावर लाखेचा एक जुना, ठळक शिक्का होता: नादुरुस्त. बारा वर्षांपूर्वीचा.

“बारा वर्षं काटा बंद? कोणी बंद केला हा?”

शिपायाने शिक्क्याखालचं नाव मोठ्याने वाचलं आणि सगळी रांग माझ्याकडे बघू लागली. मी चष्मा पुसला. शिक्क्याखालची सही माझी होती. आणि बारा वर्षांत ती जराही पुसट झाली नव्हती, हे सांगताना आजही माझी छाती फुगते. लाख मी चांगली वापरायचो.

“तुम्हीच का ते?” साहेब म्हणाले.

“नियमाप्रमाणेच केला, साहेब.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते शत्रूवरही ओढवू नये अशा नजरेनं. मग ते आत गेले. दुपारी एक वाजता परिपत्रक रद्द झालं. रिक्षावाल्यांनी मला उचललं. टपांवर हेल्मेटं वाजवली. अध्यक्षाने मला मिठी मारली आणि त्याच्या हेल्मेटची कड माझ्या कपाळाला लागली. ती खूण अजून आहे.

गुरुवारी मला टपालाने स्वतंत्र पत्र आलं. मी ते हिच्यासमोर, दिवाणखान्यात, उभं राहून मोठ्याने वाचलं.

‘दिनांक अमुकचे परिपत्रक रद्द करण्यात आले असून रिक्षाचालक व प्रवासी यांस हेल्मेटची सक्ती नाही. तथापि आपल्या मूळ अर्जाबाबत खुलासा करण्यात येतो की, आपल्या वाहनास टप नसल्याने व आपण विचारणा केलेली असल्याने, आपणांस हेल्मेट बंधनकारक आहे.’

मी खाली बसलो. अख्ख्या शहरात तीन चाकं आणि हेल्मेटची सक्ती असलेला मी एकटा. तेही लेखी, शिक्क्यासकट. आमच्या हिने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि कितीतरी दिवसांनी हसली. “मी हेच म्हणत होते,” ती म्हणाली. “तुम्ही सरकारकडून वदवून आणलंत.”

पण माप? रविवार तीन दिवसांवर. मी अध्यक्षाला दुःख सांगितलं. तो रिक्षा वळवून निघून गेला. शनिवारी संध्याकाळी एक रिक्षा दाराशी थांबली. तिच्या मागच्या सीटवर, एकटं, ऐटीत बसून ते आलं: दुकानाच्या पाटीवरचं अवाढव्य लाल हेल्मेट. दुकानदाराकडे आठ हजार हेल्मेटं नव्याने आलेली आणि परिपत्रक रद्द झालेलं. त्याला आता जाहिरातीत रस राहिला नव्हता. चिमण्यांना त्याने पर्यायी खोका दिला, अशी अध्यक्षाने ग्वाही दिली.

मी ते डोक्यावर ठेवलं. बरोब्बर बसलं. आयुष्यात पहिल्यांदा टोपीसदृश काही मला बरोब्बर बसलं, आणि ते दुकानाची पाटी होतं, हे मी अनुभवींना सांगितलेलं नाही. त्यांनी ते स्वतःच ओळखलं.

रविवारी सकाळी ही डब्यात बसली. मांडीवर शाल, डोक्यावर छोटं निळं हेल्मेट. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून आम्हाला निरोप दिला. मी लगेच किस्सा सुरू केला: साहेबांनी माझ्या शिक्क्यापुढे कसा गुडघा टेकला. टेकला म्हणालो मात्र, बरगडीत बोट. दोन वर्षांनी! मी लगेच दुसरा गुडघाही टेकवला. पुन्हा बोट.

मग ती बोलायला लागली. टेकडीच्या पायथ्यापासून ताईंच्या दारापर्यंत ती बोलत होती. मला अक्षर ऐकू येत नव्हतं. त्या हेल्मेटमध्ये फक्त माझाच आवाज घुमतो. पण तिचे ओठ हलताना दिसत होते, खुर्ची अधूनमधून माझ्याकडे वळत होती, आणि चेहरा असा होता की मान हलवावीशी वाटावी. मी हलवत राहिलो. हो. हो. जरूर.

ताईंच्या दारात ती उतरली ती उड्या मारतच. “ताई, ऐकलंस? हे सगळ्याला हो म्हणाले! एकदाही मध्ये बोलले नाहीत!” ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या हेल्मेटवरून हात फिरवला.

मी काय कबूल केलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर वेल्डर टेप घेऊन स्कूटरच्या उजव्या बाजूचं माप घेत होता. शेजारी अनुभवी दात घासत उभे.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“ताईंचा डबा,” वेल्डर म्हणाला. “काकू म्हणाल्या, तुम्ही कबूल केलंय. होईल.”

“म्हणजे चार चाकं झाली,” अनुभवी म्हणाले. “चार चाकांना हेल्मेट लागतं का हो? की पट्टा? तुमची ओळख आहे कचेरीत, एकदा विचारून घ्या.”

मी घरात गेलो आणि दाराला आतून कडी लावली. शाई, कागद आणि पोचेची वही कपाटात कुलूपबंद केली. किल्ली हिच्याकडे दिली.